मुख्यशब्द मेटा टॅग

वेब पृष्ठाच्या संहितेच्या शीर्षभागात त्या पृष्ठाचे विषयनिदर्शक शब्द नोंदविणाऱ्या ओळीस मुख्यशब्द मेटा टॅग असे म्हणतात. 'कीवर्ड' या इंग्रजी शब्दासाठी मुख्यशब्द हा पर्याय सुचविला गेला असला, तरी व्यवहारात कीवर्ड हाच शब्द अधिक चालतो. ही ओळ वाचकाच्या पडद्यावर उमटत नाही. शोधयंत्राने ती वाचावी व पृष्ठ कोणत्या विषयाचे आहे हे तिच्यावरून जाणावे, अशी मूळ योजना होती. सु. १९९५ ते २००२ या अल्प काळात तिला महत्त्व होते. पुढे प्रमुख शोधयंत्रांनी तिची दखल घेणे सोडून दिले. मराठी पृष्ठांच्या बाबतीत मात्र या ओळीचा इतिहास काहीसा निराळा आहे. इंग्रजी पृष्ठांत ती मजकुराला पूरक अशी होती. मराठीत काही वर्षे प्रत्यक्ष मजकूरच शोधयंत्राला वाचता येत नव्हता, त्यामुळे पृष्ठाचा ठावठिकाणा सांगणारे तेच एक प्रमुख साधन होते.

ग्रंथाला विषयशब्द लावून त्यांच्या आधारे तो शोधण्याची पद्धत संगणकापेक्षा पुष्कळ जुनी आहे. चार्ल्स ॲमी कटर या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ मध्ये कोशरूप तालिकेचे नियम प्रसिद्ध केले व विषयशीर्षके कशी निवडावीत यासंबंधी शिस्त घालून दिली. भारतात शि. रा. रंगनाथन यांनी वर्गांकावरून विषयशीर्षके क्रमाने काढण्याची शृंखला-निर्देशन पद्धती मांडली. शीर्षकांतील महत्त्वाच्या शब्दांची यंत्राच्या साहाय्याने सूची करण्याचे तंत्र हान्स पीटर लून यांनी १९५८ च्या सुमारास विकसित केले. मराठीत या परंपरेतील सर्वांत मोठे काम शंकर गणेश दाते यांचे. १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची त्यांनी केलेली सूची १९४३ मध्ये पुण्यातून प्रसिद्ध झाली आणि १९३८ ते १९५० या काळाचा दुसरा भाग १९६१ मध्ये निघाला. या सर्व प्रयत्नांत एक गोष्ट समान आहे : विषयशब्द ठरविणारी व्यक्ती ग्रंथाचा लेखक नसते व विक्रेताही नसते. ग्रंथपाल वा सूचिकार हा तिऱ्हाईत असतो. आपण लावलेला शब्द चुकीचा ठरला, तर त्याला लाभ काहीच नसतो, नामुष्की मात्र असते. मेटा टॅगमध्ये हा तिऱ्हाईतच नाहीसा झाला आणि पुढील बहुतेक घोटाळ्यांचे मूळ यातच आहे.

टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संस्थेत विकसित केलेल्या वेबवर पृष्ठांची कोणतीही मध्यवर्ती तालिका नव्हती. १९९४ पासून वेबक्रॉलर, लायकॉस, इन्फोसीक आणि डिसेंबर १९९५ पासून अल्टाव्हिस्टा ही शोधयंत्रे पृष्ठे वाचून त्यांच्या शब्दसूची करू लागली. नोव्हेंबर १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीएमएल २.० या प्रमाणात 'मेटा' या घटकाचा समावेश होता. पृष्ठाविषयीची माहिती पृष्ठातच, परंतु मजकुरापासून अलग ठेवण्याची ती जागा होय. मुख्यशब्दांची ओळ व पृष्ठाचे थोडक्यात वर्णन करणारी ओळ या दोहोंना इन्फोसीक व अल्टाव्हिस्टा यांनी मान्यता दिली. डिसेंबर १९९७ मधील एचटीएमएल ४.० या प्रमाणात तर ग्रीसमधील सुटीसंबंधीच्या एकाच पृष्ठाचे मुख्यशब्द अमेरिकन इंग्रजी, ब्रिटिश इंग्रजी व फ्रेंच अशा तीन ओळींत वेगवेगळे द्यावेत, असे उदाहरणच दिलेले होते. एकाच पृष्ठाला अनेक भाषांतील वाचकांसाठी दारे ठेवावीत, ही कल्पना मोठी आकर्षक होती. तिचा उपयोग मराठी पृष्ठकर्त्यांना सर्वाधिक व्हावयास हवा होता. पण तसे घडले नाही. त्याची कारणे पुढे येतील.

या ओळीच्या मांडणीविषयी त्या काळात पुष्कळ चर्चा झाली. ओळीत दोन भाग असतात : पहिला 'नेम', म्हणजे ओळीचे नाव, दुसरा 'कंटेंट', म्हणजे अवतरणचिन्हांत दिलेली शब्दांची यादी. यादीतील पदे स्वल्पविरामाने वेगळी करावीत, हा संकेत होता. 'मंगल कार्यालय, कोथरूड' असे लिहिल्यास 'मंगल कार्यालय' हे एक पद राहते. नुसती मोकळी जागा सोडल्यास तीन सुटे शब्द होतात. काही शोधयंत्रे स्वल्पविरामाकडे दुर्लक्ष करीत, त्यामुळे शेजारशेजारच्या पदांतील शब्द जुळून नवी पदे तयार होत आणि धूर्त पृष्ठकर्ते शब्दांचा क्रम याच हिशेबाने लावीत. अल्टाव्हिस्टा या ओळीतील १,०२४ वर्णांपर्यंतचाच मजकूर विचारात घेत असे. एकच शब्द पुनःपुन्हा लिहिलेला आढळल्यास काही यंत्रे त्याला दंड करीत. रोमन लिपीतील लहान व मोठ्या अक्षरांचा भेद काही यंत्रे मानीत, म्हणून सर्व शब्द लहान अक्षरांत लिहावेत असा सल्ला दिला जाई. देवनागरीत हा भेदच नसल्याने मराठी लेखकाची त्या कटकटीतून सुटका व्हावी; परंतु त्याच्यापुढे याहून बिकट प्रश्न उभे होते.

भारतात विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. १९९६ मध्ये अमेरिकेतील मराठी भाषकांच्या पुढाकाराने मायबोली हे संकेतस्थळ निघाले आणि पुढील काही वर्षांत महाराष्ट्रातील प्रमुख दैनिकेही वेबवर आली. संगणकावरील देवनागरीसाठी आवश्यक ती शास्त्रीय तयारी तोपर्यंत झालेली होती. कानपूर येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत आरंभ झालेले जिस्ट तंत्रज्ञान पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजे १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने, पुढे नेले होते. इस्की ही भारतीय लिप्यांची संकेतप्रणाली १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी निघालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरीला स्थान मिळाले. तथापि वाचकाच्या संगणकावर यांपैकी काहीच चालत नसे. म्हणून वेगळीच युक्ती रूढ झाली. रोमन अक्षरांसाठी राखलेल्या संकेतांकांवर देवनागरी आकार बसविलेले टंक, म्हणजे फाँट, तयार करण्यात आले. तो टंक वाचकाने उतरवून घेतला किंवा पृष्ठाबरोबर आपोआप आला, की पडद्यावर सुबक मराठी दिसे. पण फाइलीत मात्र रोमन अक्षरे व चिन्हे यांची अर्थहीन जुळणी असे. शिवाय प्रत्येक टंकातील आकारांची वाटणी निराळी होती. एका दैनिकाच्या फाइलीतील 'शेतकरी' आणि दुसऱ्या दैनिकाच्या फाइलीतील 'शेतकरी' यांत एकही चिन्ह समान नसणे सहज शक्य होते. ऱ्हस्व वेलांटी ही उच्चारानुसार व्यंजनानंतर येत असली तरी दिसते आधी. म्हणून ती फाइलीतही आधीच लिहिली जाई.

शोधयंत्राच्या दृष्टीने अशी पृष्ठे जवळजवळ मुकी होती. पृष्ठाचे शीर्षकही मराठीत देता येत नसे. कारण शीर्षक हे न्याहाळकाच्या चौकटीवर संगणकाच्या स्वतःच्या टंकात उमटे आणि तेथे मराठीऐवजी निरर्थक चिन्हे दिसत. राहता राहिली ती मेटा टॅगची ओळ. तीत टंकातील मराठी चिकटवावी, तर आणखी एक संकट उद्भवे : काही टंकांत एखादा अक्षरावयव अवतरणचिन्हाच्या किंवा कोनी कंसाच्या जागी बसविलेला असे. तो अवयव असलेला शब्द आला, की संगणक यादी तेथेच संपली असे समजे आणि उरलेले शब्द शीर्षभागात विस्कटून पडत. साहजिकच मराठी पृष्ठांचे मुख्यशब्द रोमन लिपीत लिहावे लागले. रोमन लिपीत मराठी लिहिण्याचा सर्वमान्य संकेत नव्हता व आजही नाही. त्यामुळे वाचक कोणत्या वर्णांनी शोध घेईल याचा अंदाज बांधून एकाच शब्दाची अनेक रूपे यादीत भरावी लागत. पुण्याचे 'पुणे' व 'पूना', मुंबईचे १९९५ मधील अधिकृत नामांतरापूर्वीचे व नंतरचे नाव, दीर्घ स्वरासाठी एक वर्ण की दोन वर्ण, ट व त यांना एकच वर्ण की वेगवेगळे, अशा पर्यायांनी १,०२४ वर्णांची मर्यादा लवकर भरून जाई.

कोथरूड या नावावरून या अडचणीचे स्वरूप अधिक स्पष्ट होईल. पुण्याच्या पश्चिमेस असलेले हे जुने गाव कर्वे रस्ता व पौड रस्ता यांच्या आश्रयाने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दाट वस्तीचे उपनगर बनले. परदेशी गेलेल्या मुलामुलींशी तेथील अनेक घरांचे नाते इंटरनेटच्या द्वारे जुळलेले आहे. तेथील एखाद्या मंगल कार्यालयाने वा पुस्तकविक्रेत्याने १९९० नंतरच्या दशकात पृष्ठ काढले असते, तर रोमन लिपीतील नावाच्या अखेरच्या स्वरासाठी एक वर्ण लिहावा की दोन, हा त्याचा पहिला प्रश्न ठरला असता. देवनागरीत लिहिणे शक्य झाल्यावरही प्रश्न सुटला नाही. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या व १९७२ मध्ये भर घातलेल्या लेखनविषयक नियमांनुसार अकारान्त मराठी शब्दाचा उपान्त्य उकार दीर्घ असतो, म्हणून 'कोथरूड'. परंतु पाट्यांवर व पत्त्यांत 'कोथरुड' असे ऱ्हस्व रूपही सर्रास आढळते. त्यातच विभक्तीप्रत्यय लागताना दीर्घ उपान्त्य ऱ्हस्व होतो, म्हणून 'कोथरुडात', 'कोथरुडातील' ही रूपे नियमाला धरूनच आहेत. म्हणजे मूळ नावात चूक ठरणारे अक्षर सामान्यरूपात बरोबर ठरते. इंग्रजीत एकवचन व अनेकवचन अशी दोन रूपे दिली की बहुधा काम भागते. मराठी नामाला प्रत्यय व शब्दयोगी अव्यये जोडून लिहिली जात असल्याने त्याची रूपे डझनांनी होतात. ती सर्व यादीत घालणे अशक्य आणि घातली तर पुनरुक्तीचा दोष माथी येणार. मुख्यशब्द नेहमी मूळ रूपातच द्यावेत हे कोशकारांचे तत्त्व या ठिकाणी योग्य होते. परंतु मराठी रूपांवरून मूळ शब्द ओळखण्याची शक्ती त्या काळच्या शोधयंत्रांत नव्हती.

देवनागरीच्या युनिकोड संकेतांना सामान्य संगणकावर स्थान मिळाले ते २००० नंतर. त्या वर्षी आलेल्या विंडोज २००० या प्रणालीत देवनागरीची सोय होती आणि तिच्यासोबतचा 'मंगल' हा टंक सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडविलेला होता. मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ रोजी झाला. दैनिकांनी व इतर संकेतस्थळांनी युनिकोड स्वीकारण्यास आणखी काही वर्षे घेतली. आता मजकूर खऱ्या अर्थाने मराठीत साठविला जाऊ लागला व शोधयंत्रांना वाचता येऊ लागला. मात्र दिसायला सारखे असलेले शब्द संकेतांत भिन्न असण्याचा दोष युनिकोडमध्येही काही ठिकाणी राहिला. 'कऱ्हाड', 'दुसऱ्या' यांतील अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो : ऱ या स्वतंत्र वर्णाला हलन्त जोडून किंवा नेहमीच्या र ला हलन्त व त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना दोन्ही एकच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते दोन शब्द आहेत. 'ॲ' या स्वराला स्वतंत्र संकेत २००८ मध्ये युनिकोड ५.१ या आवृत्तीत मिळाला. तत्पूर्वी अ वर चंद्र देऊन तो लिहिला जाई. 'ॲड' व 'ॲप' यांसारखे शब्द त्यामुळे अनेक वर्षे दोन वेषांत वावरले.

मराठीला देवनागरी मुख्यशब्द लिहिण्याची सोय झाली तेव्हा मुख्यशब्दांची ओळ पाश्चात्त्य देशांत निकालात निघालेली होती. कारण उघड होते. पृष्ठाचे गुणवर्णन करण्याचे काम पृष्ठाच्या मालकावरच सोपविलेले होते आणि ते वर्णन वाचकाला दिसत नव्हते. अधिक वाचक म्हणजे अधिक उत्पन्न हे समीकरण जुळताच ज्यांचा पृष्ठाशी काहीही संबंध नाही असे लोकप्रिय शब्द, प्रतिस्पर्ध्यांची नावे, अश्लील शब्द यांची यादीत भरती होऊ लागली. स्टॅनफर्ड विद्यापीठातील सर्गेई ब्रिन व लॅरी पेज यांनी १९९८ मध्ये आपल्या शोधयंत्राविषयी जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात वाचकाला प्रत्यक्ष न दिसणाऱ्या कोणत्याही मजकुराचा शोधयंत्राची फसवणूक करण्यासाठी गैरवापर होतो, असे निरीक्षण नोंदविलेले आहे. त्यांच्या गूगलने पृष्ठ स्वतःविषयी काय सांगते यापेक्षा इतर पृष्ठे त्याच्याकडे कोणत्या शब्दांनी व किती दुवे देतात याला महत्त्व दिले. एका अर्थाने सूचिकाराची तिऱ्हाईत साक्ष या पद्धतीने परत आणली. मात्र ती एका जाणकाराची न राहता असंख्यांची झाली. अल्टाव्हिस्टाने २००२ मध्ये मुख्यशब्दांच्या ओळीची दखल घेणे थांबविले. गूगलने आपण क्रमवारीसाठी ही ओळ वापरीत नसल्याचे सप्टेंबर २००९ मध्ये जाहीर केले. ही घोषणा फार उशिरा आली, असे म्हणावे लागेल. दरम्यानच्या काळात मुख्यशब्द 'भरून देण्याचा' एक व्यवसायच उभा राहिला होता आणि छोट्या उद्योजकांनी निरुपयोगी याद्यांसाठी पैसे मोजले.

न्यायालयांना या ओळीची दखल तिच्या तांत्रिक महत्त्वापेक्षा अधिक काळ घ्यावी लागली. अमेरिकेतील नवव्या मंडळाच्या अपील न्यायालयाने १९९९ मध्ये ब्रुकफील्ड प्रकरणात दुसऱ्याचे व्यापारचिन्ह आपल्या मेटा टॅगमध्ये घालणे हे आपल्या दुकानापुढे दुसऱ्याच्या नावाची पाटी लावण्यासारखे आहे, अशी तुलना केली. त्याच न्यायालयाने २००२ मध्ये प्लेबॉय विरुद्ध वेल्स या प्रकरणात, एखाद्या व्यक्तीने स्वतःला मिळालेल्या किताबाचा प्रामाणिक उल्लेख मुख्यशब्दांत केला तर तो गैर नाही, असा भेद केला. मुंबई उच्च न्यायालयापुढे २०१४ मध्ये विवाहविषयक संकेतस्थळांचा वाद आला. शादी.कॉम चालविणाऱ्या पीपल इंटरॅक्टिव्ह या कंपनीची तक्रार अशी होती, की तिच्या नावाशी मिळतेजुळते नाव घेतलेल्या दुसऱ्या संकेतस्थळाने तिचे चिन्ह मेटा टॅगमध्येही वापरून तिच्याकडे येणारे ग्राहक आपल्याकडे वळविले. न्या. गौतम पटेल यांनी अंतरिम आदेशात मेटा टॅग म्हणजे काय, तो वाचकास का दिसत नाही व शोधयंत्रे त्याचा उपयोग कसा करतात याचे विवेचन केले आणि वादीला संरक्षण दिले. गूगलची घोषणा त्यापूर्वी पाच वर्षे झालेली होती. तरीही हा निर्णय निराधार ठरत नाही; कारण प्रश्न केवळ यंत्र फसले की नाही एवढाच नव्हता, तर दुसऱ्याच्या नावाचा लपून उपयोग करण्याचा हेतूही विचारात घ्यावा लागतो.

ऑक्टोबर २०१४ मध्ये संमत झालेल्या एचटीएमएल ५ या प्रमाणात मुख्यशब्दांची ओळ कायम ठेवलेली आहे. स्वल्पविरामाने पदे कशी तोडावीत याची रीतही तेथे दिलेली आहे. मात्र पूर्वीच्या अविश्वसनीय व दिशाभूल करणाऱ्या वापरामुळे अनेक शोधयंत्रे तिचा विचार करीत नाहीत, अशी पुस्तीही जोडलेली आहे. वर्णनाची ओळ मात्र टिकली, कारण शोधाच्या निकालात ती वाचकापुढे प्रत्यक्ष येऊ शकते. तसेच गूगल, याहू व मायक्रोसॉफ्टचे बिंग यांनी २०११ मध्ये सुरू केलेल्या स्कीमा.ऑर्ग या संकेतावलीमुळे दुकानाचा पत्ता, पुस्तकाचा लेखक, कार्यक्रमाची तारीख अशी माहिती ठरीव चौकटीत देता येते. ग्रंथालयांच्या संगणकीय तालिकांत व संशोधनपत्रिकांतील लेखांच्या आरंभी मुख्यशब्द पूर्वीप्रमाणेच दिले जातात व उपयोगीही पडतात. तेथे शब्द लावणारा आणि तपासणारा हे दोन वेगळे असतात.

जुन्या मराठी पृष्ठांच्या संदर्भात या ओळीला एक अनपेक्षित महत्त्व आलेले आहे. १९९६ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेने वेळोवेळी जतन केलेल्या पृष्ठांत त्या दशकातील मराठी संकेतस्थळेही आहेत. त्यांतील मजकूर त्या त्या टंकाच्या खासगी संकेतांत अडकलेला आहे. टंक उपलब्ध असेल, तरच तो वाचता येतो व त्या टंकाचे परिवर्तक असेल, तरच युनिकोडमध्ये आणता येतो. दोन्ही नसल्यास पृष्ठावर केवळ चिन्हांची गर्दी दिसते. अशा पृष्ठाची मूळ संहिता उघडल्यावर शीर्षभागातील रोमन मुख्यशब्दांवरून ते कोणत्या गावाचे, कोणत्या विषयाचे व साधारणपणे कोणासाठी लिहिलेले होते, एवढे तरी अभ्यासकाला कळू शकते.